मयताचा आवाज

माझा आवाज लोकांना खरा वाटतो, असं एका शिकलेल्या बाईने मला तोंडावर सांगितलं तेव्हा माझ्या मनात पहिला विचार आला, हिला माझ्याकडून काहीतरी फुकटात करून घ्यायचंय. स्वभावच तसा आहे माझा. कुणी गोड बोललं की मी आधी खिसा चाचपतो. बायको म्हणते, तुम्ही देवळात प्रसाद घेतानासुद्धा पुजाऱ्याकडे रोखून बघता. बघतो. का बघू नये?

धंदा माझा बोलण्याचा. पेणमध्ये रिक्षाला भोंगा बांधून मी पुकारत फिरतो. कपड्यांचा सेल, कबड्डीचे सामने, उद्या नळाला पाणी येणार नाही, आणि निवडणूक असली तर ज्याने आधी बोलावलं त्याचा प्रचार. बाजारात लोक मला चेहऱ्याने ओळखत नाहीत, तोंड उघडलं की ओळखतात. गाव माझं खाडीकडे, खारेपाटात. भातशेती आणि मिठागरं. गावात मात्र मी एकच काम करतो आणि त्याचं काही घेत नाही. कुणी वारलं की देवळातल्या माइकवरून सांगतो. समस्त ग्रामस्थांना कळविण्यात येते की, अमुक यांचं दुःखद निधन झालं आहे, अंत्ययात्रा अमुक वेळेला निघेल. हे ऐकलं की बाया चुलीवरचं उतरवून ठेवतात, माणसं बांधावरून परततात, मयत उचलेपर्यंत कुणी नव्या कामाला हात लावत नाही. माझा सख्खा भाऊ गेला तेव्हाही मीच सांगितलं.

त्या भावाची बायको म्हणजे माझी वहिनी. ती लग्न होऊन आली तेव्हा मी नाक पुसायला शिकलो नव्हतो. आई लवकर गेलेली, त्यामुळे मला न्हाऊ घातलं तिने आणि बदडलंही तिनेच. मला भावजी म्हणते, पण अहोजाहो कधी करत नाही. आता मुलगा लांब कंपनीत, शिफ्टमध्ये अडकलेला, आणि ही गावात एकटी. तर या वहिनीच्या छातीत गाठ होती. मला कशाला सांगेल? माझ्या बायकोला सांगितलं, तेही पापड लाटता लाटता, आणि वर शपथ घातली की भावजीच्या कानावर जाता कामा नये. बायकोने त्याच संध्याकाळी मला सांगून टाकलं.

गाठ दुखत नव्हती, म्हणून वहिनीच्या हिशेबी ती गाठच नव्हती. आधी म्हणाली, गणपती होऊ दे. गणपती झाले. मग म्हणाली, कापणी होऊ दे. मी घाबरलो होतो, सरळ सांगतो. पेणला चल म्हटलं की ती भांडी घासायला बसायची, स्वच्छ असली तरी. माझ्या बायकोने विनवून पाहिलं, आरोग्य केंद्राच्या आशाताईने घरी येऊन सांगून पाहिलं. वहिनी सगळ्यांना चहा पाजायची आणि वाटेला लावायची.

अशातच ती शिकलेली बाई आली. पुण्याहून आली होती. आजारपणाची माहिती खेड्यातल्या माणसापर्यंत कशी पोचते, पेपरवाले ती कशी छापतात, लोक कुणाचं ऐकतात, असलं काहीतरी संशोधन होतं तिचं. तिच्या हाताखालच्या मुली आमच्या नि बाजूच्या गावांत घरोघर फिरून प्रश्न विचारून गेल्या होत्या. तुम्हाला कुणाचं बोलणं खरं वाटतं, या प्रश्नाला म्हणे पुष्कळ लोकांनी माझं नाव घेतलं. डॉक्टर नाही, सरपंच नाही, भोंगेवाला! मी म्हटलं, मॅडम, लोक चेष्टा करतात हो. त्या म्हणाल्या, चेष्टा नाही, रोह्याला आमची जाहीर चर्चा आहे, तुम्ही या. जेवणाची सोय आहे. जेवणाचं आपणहून सांगितलं, तिथे माझा संशय दुप्पट झाला.

तरी गेलो. रामवाडीच्या स्टँडवरून एसटी पकडली, खड्डे मोजायचे सोडून दिले आणि रोह्याला उतरलो. हॉलमध्ये मोठा फलक, 'आरोग्य आणि आपण : जाहीर संवाद'. फलकाच्या खालच्या कोपऱ्यात पांढरा कागद चिकटवलेला. मी शेजारच्याला म्हटलं, हे बघा, इथे कंपनीचं नाव झाकलंय. तो धाटावच्या केमिकल कंपनीत कामाला होता, पहिली पाळी करून तसाच आलेला. तो म्हणाला, झाकलं असंल, आपल्याला काय. चहाच्या वेळी कुणी बघत नाही असं पाहून मी तो कागद नखाने उचकटला. खाली जुनी तारीख निघाली. कार्यक्रम पुढे ढकलला होता, एवढंच. पण का ढकलला? ते काही कुणी सांगितलं नाही.

व्यासपीठावर एक डॉक्टर, एक अधिकारी आणि एका पेपरचे गृहस्थ. पेपरचे गृहस्थ म्हणाले, आम्ही आरोग्याच्या बातमीला नेहमी प्राधान्य देतो. मी त्यांचा पेपर रोज वाचतो. पहिल्या पानावर वाढदिवसाच्या शुभेच्छा, आतल्या पानावर वाढदिवस साजरा झाल्याचे फोटो. आरोग्य कुठे असतं, ते त्यांनाच ठाऊक. धाटाववाल्याने उठून विचारलं, की वारा आमच्या वस्तीकडे वळला की घसा जळतो, ह्याची बातमी कधी येत नाय ती कशी काय? निवेदिका हसून म्हणाली, प्रश्न विषयाला धरून विचारावेत. तो खाली बसला. मी मनात म्हटलं, झालं, कळला यांचा संवाद.

जेवताना मॅडम माझ्या शेजारी येऊन बसल्या. तुमच्या भागात बायकांच्या छातीच्या कर्करोगाची मोफत तपासणी ठेवतोय, शिबिराचं तुमच्या आवाजात सांगाल का? घास माझ्या तोंडातच राहिला. हिला वहिनीचं कुणी सांगितलं? मी त्यांच्याकडे टक लावून बघितलं. त्यांना काहीएक ठाऊक नव्हतं, त्या आपल्या वरणभात कालवत होत्या. मग मी विचार केला, की वहिनी माझं ऐकत नाही, आशाताईचं ऐकत नाही, पण भोंग्यावरून सगळ्या गावाला सांगितलं आणि चार बाया निघाल्या, तर त्यांच्या घोळक्यात तीही निघेल. म्हणून हो म्हटलं. मानधनाचंसुद्धा विचारलं नाही, यावरून ओळखा.

रेकॉर्डिंग पेणला एका डीजेवाल्याच्या खोलीत झालं. त्यांनी लिहून आणलेलं पुस्तकी होतं, मी ते आपल्या भाषेत घेतलं. गाठ दुखत नसली तरी दाखवा, लवकर कळलं तर बरं होतं, तपासायला बाईमाणूसच आहे, लाजू नका. पेणच्या, रोह्याच्या बायांसाठी मी बोलतच नव्हतो. सगळं वहिनीला सांगत होतो. मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, बरं नाटक जमतं हिला.

पेण शहरात रिक्षा फिरली, लोकांनी नीट ऐकलं. मग आम्ही गावात शिरलो. रिक्षावाला माझा जुना मित्र, मी त्याच्या शेजारी बसलेलो, छाती फुगवून. देवळाजवळ त्याने बटण दाबलं आणि माझा आवाज निघाला : 'समस्त ग्रामस्थांना कळविण्यात येते की...'

सवयीने मी सुरुवात तीच केली होती. माझ्या लक्षात आलं नव्हतं, डीजेवाल्याच्या नाही आणि संशोधनवाल्यांच्या तर नाहीच नाही.

समोरच्या घरातून एक बाई पिठाचे हात तसेच घेऊन बाहेर आली. पारावरच्या म्हाताऱ्याने टोपी काढली. एकीने दारातली रांगोळी अर्धी टाकून दिली. सगळे नाव ऐकायला थांबलेले. आणि नाव येईचना! नावाच्या जागी छाती, गाठ, कर्करोग, उद्या सकाळी शाळेत या. 'कोण गेलं रं?' म्हातारा ओरडला. मी रिक्षातून डोकं बाहेर काढून ओरडलो, 'कोन नाय गेलं! शिबिर हाय, शिबिर!' माझाच भोंगा माझ्या बोंबलण्यावर मात करत होता. एक बाई मुलीच्या लग्नाचं सोनं बघायला पेणला निघालेली, ती पिशवीसकट मागे फिरली आणि जाता जाता माझ्या सात पिढ्या काढून गेली. एक म्हातारी कपाळावर हात मारून म्हणाली, 'आता जित्या मानसाचं पन सांगाया लागला हा!' मित्राने घाईघाईने बटण बंद केलं. तोवर दारं धडाधड लागली होती.

वहिनी बाहेर आलीच नाही. मी घरात गेलो. ती भिंतीला टेकून बसली होती, उजवा हात छातीवर. माझ्याकडे बघेना.

'वहिनी, अगं मी...'

'तुज्या भावाचं नाव मी ह्याच आवाजात आयकलंय, भावजी,' ती म्हणाली. 'आज त्याच आवाजात गाठ आयकली. मला वाटलं, माजं सुरू झालं.'

'अगं, ते तपासणीचं होतं.'

'काय असंल ते असू दे. मी नाय येत. नि पुन्यांदा माज्याम्होरं त्या गाठीचं नाव काडू नको.'

मी ज्या एका माणसासाठी बोललो होतो, तिलाच मी मारून आलो होतो.

दुसऱ्या दिवशी शाळेत खुर्च्या मांडलेल्या, तपासणीसाठी पडदा लावलेला, मोठ्या पातेल्यात चहा. गावातली एक बाई फिरकली नाही. आशाताई आणि मॅडमच्या मुली खुर्च्यांवर बसून होत्या. त्यांचा कुणीतरी फोटो काढला. मॅडम दारात उभ्या राहून रस्त्याकडे बघत होत्या, मी सावलीला उभा राहून त्यांच्याकडे बघत होतो.

आणि पेपरात काय आलं असेल? 'शिबिराला महिलांचा उत्स्फूर्त प्रतिसाद.' सोबत फोटो, आशाताई आणि त्या मुली. मी पेपर घेऊन आशाताईकडे गेलो. ती म्हणाली, अहो काका, बातमी आदल्या दिवशीच लिहिलेली असते, फोटो फक्त नंतर जातो. तिला यात काही नवल वाटलं नाही. मला मात्र जो राग आला तो आजही आठवला की कान गरम होतात.

म्हणून रोह्याच्या दुसऱ्या चर्चेला मी न बोलावता गेलो. तोच हॉल, तोच फलक. एक पोरसवदा संशोधक पडद्यावर रंगीत चित्रं दाखवत सांगत होता, की पेण तालुक्यात शिबिराला प्रतिसाद कमी मिळाला, कारण महिलांमध्ये जागृतीचा अभाव आणि अंधश्रद्धा. मी उभा राहिलो. माइक कुणी देईना. मला माइक कशाला लागतो?

'ओ साहेब,' मी म्हटलं, 'कसली अंधश्रद्धा? आमच्या गावात हा आवाज मयताचा आहे. मयताच्या आवाजात तुम्ही बायांना बोलावलंत आणि त्या आल्या नाहीत तर त्या अडाणी? तुमच्या दारावर कुणी तिरडीवाला येऊन तब्येत विचारू लागला तर तुम्ही त्याला आत घ्याल? तुमच्या मुलींनी विचारलं, कुणाचं खरं वाटतं. लोक म्हणाले, याचं. खरंच आहे, मी मयताचं कधी खोटं सांगितलं नाही! कशाबद्दल खरं वाटतं, हे विचारलंत का?'

मग मी पेपरच्या गृहस्थांकडे वळलो. उत्स्फूर्त प्रतिसाद कुठे बघितलात? ते म्हणाले, आम्हाला प्रेसनोट आली तशी छापली. कुणी पाठवली? व्यासपीठावरचे लोक एकमेकांकडे बघू लागले. ती कुणी पाठवली ते अजून कळलेलं नाही आणि कळेल असं मला वाटतही नाही. निवेदिकेने चहाची घोषणा केली.

मी एसटीकडे निघालो तर मॅडम मागून धापा टाकत आल्या. 'मला तुमच्या गावात यायचंय. मुली नको, भोंगा नको. एकटी येते.' मी म्हटलं, कशाला, आता फोटो काढायला? त्यांनी मोबाइल पिशवीत टाकला आणि म्हणाल्या, 'आमचं चुकलंय. काय चुकलंय ते तिथे बसून ऐकायचंय.' चुकलं असं म्हणणारा माणूस दिसला की मी आणखी सावध होतो. पण वहिनीची गाठ काही माझ्या सावधपणासाठी थांबणार नव्हती. मी त्यांना वहिनीचं सगळं सांगितलं आणि बजावलं, की गाठीचा विषय तुम्ही काढायचा नाही, ती काढेल तर काढेल.

त्या आल्या तेव्हा वहिनी बिरड्यासाठी मोड आलेले वाल सोलत बसली होती. पाटावर बस म्हणाली आणि थोडे वाल त्यांच्यापुढे सारले. 'बसलीयस तर सोल.' मॅडम सोलू लागल्या. त्यांना येत नव्हतं, वाल सालीतून सटकून लांब उडायचे, वहिनी हसायची. बराच वेळ नुसतं पावसाचं, भाताचं, मॅडमच्या माहेरचं बोलणं चाललं. मी दारात बसून कान टवकारलेले.

मग वहिनीनेच वर न बघता विचारलं, 'तूच ना गो ती शिबिरवाली?'

'हो.'

'मंग तू केलीस ती तपासनी?'

मॅडमचा हात थांबला. मला वाटलं, आता थाप मारणार. 'नाही,' त्या म्हणाल्या.

'का गो?'

'भीती वाटते. माझ्या आईला होता. मी सगळीकडे सांगत फिरते, पण स्वतः टेबलावर जाऊन झोपायचं म्हटलं की आज नको, उद्या.'

माझ्या मनात लगेच आलं, ही यांची नवीन युक्ती असणार. हे असं रडवेलं बोलायचं यांना शिकवून पाठवत असतील. मी वहिनीला डोळ्यांनी खूण केली, सांभाळून. वहिनीने माझ्याकडे बघितलंच नाही. तिने मॅडमच्या हातातले वाल काढून घेतले आणि म्हणाली, 'आवशीला होता तरी तू बसून ऱ्हायलीस? येडी का खुळी? चल, मी येते तुज्यासंगती. दोगी जावू.'

असं झालं. जी बाई कुणाचं ऐकून निघाली नाही, ती दुसरीला सोबत म्हणून निघाली. पनवेलच्या हॉस्पिटलात गेलो. मॅडमची तपासणी आधी झाली, वहिनी त्यांची ओढणी सांभाळत बाहेर थांबली. त्यांना काही निघालं नाही. वहिनीच्या गाठीचा तुकडा पुढे तपासायला पाठवला. रिपोर्ट येईपर्यंतचे दिवस मी कसे काढले ते मला विचारू नका. दोनदा सेलच्या जाहिरातीत दुकानाचं नाव चुकवलं.

रिपोर्टच्या दिवशी मी आणि वहिनी आत गेलो. डॉक्टरीणबाई तरुण होती, कागद हातात, आणि माझ्याकडे बघून बोलायला लागली. पेशंटला अमुक आहे, पेशंटचं तमुक करावं लागेल, तुम्ही घरी चर्चा करा. मीही मान हलवत होतो, मधेच खोचून विचारत होतो, की ही मशीन नक्की बरोबर दाखवते ना, दुसरीकडे दाखवलं तर? वहिनी आमच्या दोघांच्या तोंडाकडे आळीपाळीने बघत होती. मग तिने टेबलावर बोट वाजवलं.

'बाय, गाठ माजी हाय. माज्याकडं बघून बोल.'

डॉक्टरीणबाईने खुर्ची वळवली. कागद खाली ठेवला. आणि साध्या शब्दांत सांगितलं, की गाठ वाईट आहे, पण अजून एका जागी आहे, काढून टाकावी लागेल, पुढे औषधं लांब चालतील. वहिनीने सगळं ऐकलं. कापणीपर्यंत थांबलं तर चालेल का, असं एकदा विचारलं. नाही, असं उत्तर आलं. वहिनी रडली नाही. पदराने तोंड पुसलं, एवढंच.

बाहेर आल्यावर माझा बांध फुटला. मी म्हटलं, वहिनी, घाई नको, हे लोक उगाच घाबरवतात, ऑपरेशनं करायचीच असतात यांना, आपण आणखी दोन ठिकाणी विचारू, माझ्या ओळखीचा एक आहे... मी बोलतच सुटलो. तिने माझं मनगट धरलं, मी लहान असताना रस्ता ओलांडताना धरायची तसं घट्ट.

'भावजी,' ती म्हणाली, 'संशय तुला हाय. गाठ मला हाय.'

मग माझा हात सोडून ती पुन्हा आत गेली, ऑपरेशनची तारीख विचारायला.